खोटे दिसणाऱ्याची खरी साक्ष



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावर बहुधा समाजकारण, साहित्य, इतिहास हे विषय येतात. मी आज मेंदूच्या एका विकाराबद्दल बोलणार आहे, आणि तो इतका विरळ आहे की गेल्या शतकभराच्या वैद्यकीय वाङ्मयात त्याचे नोंदले गेलेले रुग्ण शंभरसुद्धा भरत नाहीत. या विकारात माणसाला समोरच्याचा चेहरा विद्रूप दिसतो. डोळा गालावर ओघळलेला, नाक एका बाजूला सरकलेले, ओठ ताणलेले, कपाळावर खोल चरे. भिंत, झाड, मोटार, कपडे, हे सगळे जसेच्या तसे दिसते. बिघडतो तो फक्त चेहरा. १९४७ मध्ये योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरने अशा एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९५३ मध्ये ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ मॅकडॉनल्ड क्रिचली यांनी या अवस्थेला प्रोसोपोमेटामॉर्फोप्सिया हे नाव दिले. आजच्या व्याख्यानापुरते आपण तिला 'विद्रूपदर्शन' म्हणू. पक्षाघात, अपस्मार, अर्धशिशी, डोक्याला मार, मेंदूतली गाठ अशी तिची अनेक कारणे नोंदली गेली आहेत. पुष्कळांच्या बाबतीत ती काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरते. काहींच्या वाट्याला ती वर्षानुवर्षे येते.

एवढ्या विरळ विकारासाठी तुमचा वेळ घ्यावा असे मला वाटले, त्यामागे एक विचार आहे आणि तो सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. ज्याला काहीतरी भलतेच दिसते त्याच्याशी आपण दोनच प्रकारे वागत आलो. एक तर त्याला वेडा ठरवले, नाही तर त्याला काहीतरी बाहेरचे लागले म्हटले. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेण्याची गरज संपते. माझे म्हणणे असे की डोळ्यांना खोटे दिसत असले तरी त्या दिसण्याविषयी माणूस जे सांगतो ते खरे असू शकते, आणि ते सांगणे हा पहिल्या दर्जाचा पुरावा आहे. विद्रूपदर्शनाबद्दल आज जे काही कळले आहे, ते डॉक्टरांनी हा पुरावा मानला आणि तपासला म्हणून कळले. म्हणून काय दिसते आणि ते माणूस खरे मानतो का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला वैद्यकाने शिकले पाहिजे. घराने आणि गावाने तर त्याहून आधी.

पुराव्यापासून सुरुवात करू. २०२४ च्या मार्च महिन्यात 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधील अंतोनियो मेलो, ब्रॅड ड्यूशेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५८ वर्षांच्या एका पुरुषाचा वृत्तांत छापला. या गृहस्थांना एकतीस महिन्यांपासून भेटेल त्या माणसाचा चेहरा भयंकर दिसत होता. डोळे, नाक, तोंड ताणले गेलेले. कपाळावर, गालांवर आणि हनुवटीवर खोल खाचा. तरीही समोर कोण आहे हे ते ओळखत. माणूस तोच, चेहरा मात्र राक्षसाचा. त्यांच्या पूर्वेतिहासात मनोविकार होता, डोक्याला झालेली गंभीर दुखापत होती, कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाल्याची शक्यताही होती. मेंदूच्या प्रतिमेत डाव्या बाजूला हिप्पोकॅम्पस या भागात एक लहानशी गोल विकृती आढळली. मनोविकाराचा असा इतिहास असलेल्या माणसाने 'मला सगळे राक्षस दिसतात' असे सांगितल्यावर बाह्यरुग्ण विभागातल्या घाईच्या वेळी काय निदान झाले असते, याची कल्पना तुम्ही करू शकता. पण या संशोधकांनी एक गोष्ट कान देऊन ऐकली. ते म्हणत होते की हा प्रकार फक्त प्रत्यक्ष समोर असलेल्या माणसाच्या बाबतीत होतो. संगणकाच्या पडद्यावरचा किंवा कागदावरचा चेहरा त्यांना अगदी सरळ दिसतो.

या एका वाक्यातून प्रयोग उभा राहिला. आतापर्यंतच्या रुग्णांची अडचण अशी होती की त्यांना नेमके काय दिसते याचे चित्र काढून घ्यावे, तर ते चित्रसुद्धा त्यांना बिघडलेलेच दिसायचे. इथे ती अडचण नव्हती. संशोधकांनी एका व्यक्तीचा फोटो काढला आणि तो पडद्यावर लावला. ती व्यक्तीही त्याच खोलीत बसली. रुग्णाने एकदा खऱ्या चेहऱ्याकडे पाहायचे, एकदा पडद्यावरच्या फोटोकडे, आणि फरक सांगायचा. डोळ्यांचे कोपरे आणखी ताणा, गालावरची खाच आणखी खोल करा, हनुवटी अशी नाही, थोडी तशी. संगणकावर बसलेला माणूस त्याबरहुकूम फोटो बदलत जायचा. शेवटी पडद्यावरचा बदललेला फोटो आणि समोरच्या माणसाचा त्यांना दिसणारा चेहरा जुळला. दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसणारी विकृती जगाला पाहता येईल अशा रूपात इतक्या बारकाईने पहिल्यांदाच उतरली. या प्रयोगाचे मुख्य उपकरण कोणते होते? कॅमेरा होता, संगणकही होता. पण ज्यावर सारे टेकले होते ती होती रुग्णाची जबानी. तो थांबा म्हणाला की थांबायचे, तो नाही म्हणाला तर पुन्हा बदलायचे.

आता हे चेहऱ्याच्याच बाबतीत का व्हावे? १९९७ मध्ये नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मेंदूच्या खालच्या बाजूला, फ्युसिफॉर्म नावाच्या वळीत, एक भाग इतर वस्तूंपेक्षा चेहऱ्यांना कितीतरी जास्त प्रतिसाद देतो. पण प्रतिसाद देतो एवढ्यावरून तो भागच चेहरा 'घडवतो' असे सिद्ध होत नाही. त्यासाठी त्या भागात ढवळाढवळ करून पाहावी लागते, आणि निरोगी माणसाच्या मेंदूत हात घालता येत नाही. २०१२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील योसेफ परविझी यांच्या गटाला ती संधी मिळाली. अपस्मारावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी झटक्यांचा उगम शोधण्यासाठी एका रुग्णाच्या मेंदूवर विद्युतअग्रे बसवलेली होती. त्यांतली काही फ्युसिफॉर्म भागावर होती. रुग्णाच्या संमतीने डॉक्टरांनी तिथे सौम्य प्रवाह सोडला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघा म्हणाले. क्षणार्धात रुग्णाला डॉक्टरांचा चेहरा पालटलेला दिसला; नाक ओघळून बाजूला सरकले, माणूस दुसराच कोणीतरी वाटू लागला. अंगावरचे कपडे, शरीर, खोली यांत काहीच बदल नव्हता. प्रवाह थांबताच चेहरा पूर्ववत. मधूनमधून डॉक्टर प्रवाह न सोडताच सोडल्यासारखे करत, तेव्हा रुग्ण काहीच बदलले नाही असे सांगे. या शेवटच्या तपशिलाचे महत्त्व फार मोठे आहे. रुग्ण कल्पनेने बोलत असता, डॉक्टरांना खूश करण्यासाठी बोलत असता, तर खोट्या वेळीही बोलला असता. आणि तरीही, मेंदूत प्रवाह गेला हे यंत्राने कळते. चेहरा पालटला हे केवळ त्याच्या तोंडूनच कळू शकते. दुसरा मार्ग नाही.

तिसरा पुरावा २०२० चा आहे, पोर्तुगालमधल्या ज्योर्ज अल्मेइदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांच्या रुग्णाच्या मेंदूचे दोन गोलार्ध जोडणाऱ्या सेतूच्या मागच्या भागाला इजा झाली होती, आणि त्याला प्रत्येक चेहऱ्याची एकच बाजू वितळल्यासारखी दिसायची. सामान्य तर्क असा की नजरेच्या एका बाजूला दोष असेल, म्हणून त्या बाजूला येणारे बिघडत असेल. संशोधकांनी हा तर्क तपासला. चेहरा नजरेच्या उजवीकडे दाखवला, डावीकडे दाखवला, कडेने दाखवला, वळवला, शेवटी चक्क उलटा केला. उलट्या चेहऱ्यात डावे उजवीकडे जाते. दोष नजरेच्या बाजूचा असता, तर आता चेहऱ्याची दुसरी बाजू वितळायला हवी होती. तसे झाले नाही. वितळणारा डोळा तोच राहिला, जागा कुठलीही असो. याचा अर्थ, समोर आलेला कोणताही चेहरा मेंदू आधी एका ठरावीक साच्यात बसवतो, सरळ उभा करून घेतो आणि मगच वाचतो. बिघाड त्या साच्याच्या अर्ध्या भागात होता. मेंदूत असा साचा असतो हे निरोगी माणसाला कधीच कळले नसते, कारण त्याच्या बाबतीत साचा इतका बिनबोभाट काम करतो की तो असल्याचा पत्ताच लागत नाही.

हे तिन्ही पुरावे एकत्र ठेवले की एक निष्कर्ष टाळता येत नाही. पाहणे म्हणजे बाहेरचे जग डोळ्यांतून आत येणे, असे आपण समजून चालतो. एकोणिसाव्या शतकात हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी मांडले की पाहणे हे मेंदूने नकळत केलेले अनुमान असते. डोळ्यांच्या पडद्यावर जिथून मज्जातंतू बाहेर पडतो तिथे काहीच दिसत नाही. तरी आपल्या नजरेत भोक दिसत नाही, कारण आजूबाजूच्या रंगरेषांवरून मेंदू ती जागा भरून काढतो. चेहऱ्याच्या बाबतीत हे भरून काढणे, जुळवणे, अर्थ लावणे तर अखंड चालू असते. विद्रूपदर्शनात या घडणीतला एक टप्पा बिघडतो, बाकीचे टप्पे शाबूत राहतात. म्हणूनच चेहरा भयानक दिसूनही माणूस ओळखू येतो. म्हणूनच 'हे खोटे आहे' हे कळूनही ते दिसायचे थांबत नाही.

हा शेवटचा मुद्दा आपल्या परंपरेला अपरिचित नाही. अंधारातल्या दोरीवर साप दिसतो, हे उदाहरण आपल्याकडे प्रवचनकारापासून कीर्तनकारापर्यंत सर्वांच्या तोंडी असते. दिवा आणला, दोरी कळली, साप गेला. ज्ञान झाले की भ्रम संपतो, हा त्याचा बोध. पण शंकराचार्यांनी अध्यासभाष्यात लौकिक अनुभवाचे दाखले देताना आणखी एक दिला आहे: चंद्र एकच असून दोन असल्यासारखा भासतो. दृष्टिदोषामुळे दोन चंद्र पाहणाऱ्याचे हे उदाहरण भारतीय दर्शनांच्या वादांत वारंवार येते. दोरीच्या सापापेक्षा ते वेगळ्या जातीचे आहे. चंद्र एक आहे हे शंभर वेळा सांगितले, पटले, शपथेवर कबूल केले, तरी दोष असेपर्यंत डोळ्यांना दोनच दिसणार. विद्रूपदर्शन या दुसऱ्या जातीचे आहे. अशा माणसाला 'तसे काही नाही हो, मनात आणू नका' असे समजावणे म्हणजे दोन चंद्र दिसणाऱ्याला दिवा आणून दाखवणे. त्याला ज्ञान आधीच झालेले असते. त्याला हवे असते ते आपल्याकडून: जे दिसते ते खरोखरच दिसते, एवढी मान्यता.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो शास्त्रीय मनाचा आहे. माणसाचे सांगणे हा कसला पुरावा? ते व्यक्तिगत असते, स्मृतीने रंगवलेले असते, खोटेही असू शकते. शास्त्र मोजमापावर चालते. आक्षेप रास्त आहे, पण तो सांगणे न तपासता स्वीकारण्यावर आहे, सांगण्यावर नाही. वरच्या तीनही उदाहरणांत रुग्णाचे म्हणणे जसेच्या तसे गिळले गेले नाही. फोटो आणि प्रत्यक्ष यांतला फरक खोलीत बसवून तपासला. चेहरा उलटा करून तपासला. खोटा प्रवाह दाखवून तपासला. म्हणणे खरे धरल्यामुळेच ते खोटे ठरू शकेल अशी कसोटी सुचली. 'याचे काय ऐकायचे' म्हणून बाजूला सारले असते, तर तपासायला काही उरलेच नसते. पूर्ण विश्वास आणि पूर्ण अविश्वास हे दोन्ही आळसाचे मार्ग आहेत. कष्टाचा मार्ग आहे तो ऐकून मग पारखण्याचा.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. असेही रुग्ण असतात ज्यांना भलते दिसते आणि ते त्यावर ठाम विश्वासही ठेवतात. त्यांच्या साक्षीचे काय करायचे? १९२३ मध्ये फ्रान्समधले मनोविकारतज्ज्ञ जोसेफ कापग्रा यांनी आपल्या सहकाऱ्यासह अशा एका स्त्रीची हकिगत मांडली, जिला आपल्या जवळच्या माणसांच्या जागी हुबेहूब तसेच दिसणारे तोतये आले आहेत असे वाटे. अशा रुग्णाला चेहरा बरोबर दिसतो. चुकतो तो निवाडा. म्हणजे आपल्या विकाराच्या अगदी उलट. पुढे हेडन एलिस आणि अँड्र्यू यंग यांनी १९९० मध्ये एक शक्यता मांडली: ओळखीचा चेहरा पाहिल्यावर जी आतून आपुलकीची लाट उठते, तीच या रुग्णांत उठत नसावी. १९९७ मध्ये त्यांनी त्वचेतून जाणाऱ्या विजेतले सूक्ष्म बदल मोजून पाहिले, तेव्हा ओळखीच्या आणि अनोळखी चेहऱ्यांना या रुग्णांचे शरीर जवळपास सारखाच प्रतिसाद देते असे आढळले. तेव्हा 'ही माझी आई नाही' हे वाक्य वस्तुस्थिती म्हणून चुकीचे होते. पण 'हिला पाहून मला आई पाहिल्यासारखे वाटत नाही' या अर्थाने त्यात तंतोतंत खरे काहीतरी होते. इथेही अनुभव आणि त्याचा लावलेला अर्थ वेगळे केले तरच सत्य हाती लागते. ज्यांचा निवाडाच ढळला आहे, त्यांना उपचार हवेत, कधी त्यांच्यापासून इतरांचे रक्षणही हवे. हे मला पूर्ण मान्य आहे. पण कोणाचा निवाडा ढळला आहे आणि कोणाचा नाही, हे ऐकल्याशिवाय ठरणार कसे? न ऐकता दोघांना एकाच कोठडीत ढकलले, तर दोघांवरही अन्याय होतो.

हा अन्याय काल्पनिक नाही. आपल्या संशोधनगटाकडे आलेल्या अनेकांना आधी स्किझोफ्रेनियाचे निदान होऊन त्यावरची औषधे सुरू झाली होती, प्रत्यक्षात त्यांचा दोष दृष्टिव्यवस्थेतला होता, असे ड्यूशेन यांनी जाहीरपणे सांगितले आहे. याउलट चित्रही उपलब्ध आहे. २०१४ मध्ये यान डिर्क ब्लोम आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत विख्यात लेखक-डॉक्टर ऑलिव्हर सॅक्स हेही होते, नेदरलँड्समधल्या हेग शहरातल्या ५२ वर्षांच्या एका स्त्रीचा वृत्तांत 'लॅन्सेट'मध्येच दिला. तिला लहानपणापासून माणसांचे चेहरे काही मिनिटे पाहिल्यावर काळे पडून ड्रॅगनसारखे होताना दिसत: लांब टोकदार कान, पुढे आलेले थोबाड, सरपटणाऱ्या प्राण्यासारखी कातडी, भडक रंगांचे मोठाले डोळे. रात्री अंधारातही असे चेहरे तिच्याकडे येत. तिची तपासणी, रक्त, मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, सगळे सामान्य होते. केवळ प्रतिमेत पांढऱ्या द्रव्यात थोडे बदल दिसले. डॉक्टरांनी तिचे ऐकले, एक औषध दिले, त्याचे दुष्परिणाम जाणवल्यावर दुसरे दिले, आणि विकार आटोक्यात आला. तिने नंतर एकच नोकरी तीन वर्षे सलग टिकवली आणि सहकाऱ्यांशी तिचे जमू लागले. आयुष्याची पन्नास वर्षे ज्या गोष्टीने लोकांपासून तिला तोडले होते, तिला नाव मिळणे हाच उपचाराचा अर्धा भाग होता.

आता कोणी म्हणेल, इतक्या थोड्यांसाठी समाजाने आपली रीत का बदलावी? याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की निरोगी मेंदू आणि हा विकार यांच्यात आपण समजतो तेवढी उंच भिंत नाही. इटलीतले जोव्हान्नी कापुतो यांनी २०१० मध्ये पन्नास जणांना मंद उजेडात दहा मिनिटे आरशात स्वतःच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहायला सांगितले. त्यांतल्या ६६ टक्के लोकांना आपला चेहरा मोठ्या प्रमाणात विकृत झालेला दिसला. जवळपास निम्म्यांना चित्रविचित्र, राक्षसी आकृती दिसल्या. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले की नजर मध्यभागी स्थिर ठेवून दोन्ही बाजूंना चेहरे झरझर बदलत गेले, तर सुंदर चेहरेसुद्धा व्यंगचित्रासारखे बेढब दिसू लागतात. यांपैकी कोणीही आजारी नव्हते. चेहरा घडवणारी यंत्रणा आपल्या सर्वांकडे तीच आहे. थोडा उजेड कमी केला, थोडा वेग वाढवला की ती आपल्यालाही फसवते.

दुसरे उत्तर आपल्या घरांतल्या वृद्धांचे आहे. जिनिव्हातले निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांची हकिगत लिहिली. शार्ल ल्यूलँ यांची नव्वदीच्या उंबरठ्यावर मोतीबिंदूमुळे दृष्टी गेलेली होती, बुद्धी मात्र तल्लख. त्यांना माणसे, पक्षी, गाड्या, इमारती दिसत आणि यातले काहीही खरे नाही हे त्यांना पक्के ठाऊक असे. या अवस्थेला पुढे बॉने यांचेच नाव मिळाले. डोळ्यांकडून येणारी माहिती आटली की मेंदूचा दृष्टिविभाग स्वतःच चित्रे निर्माण करू लागतो, आणि त्यांत बिघडलेले चेहरेही वारंवार असतात. ही अवस्था मुळीच विरळ नाही. नेदरलँड्समध्ये १९९६ साली दृष्टी अधू झालेल्या ५०५ रुग्णांच्या अभ्यासात ६० जणांना अशी दृश्ये दिसत असल्याचे आढळले, आणि त्यांतल्या बहुतेकांनी ते डॉक्टरला सांगितले नव्हते. आपल्याकडे मोतीबिंदू, काचबिंदू आणि मधुमेहाने नजर गमावलेली किती माणसे घरोघरी आहेत, हे मी सांगायला नको. त्यांतल्या एखाद्या आजीला संध्याकाळी ओसरीवर अनोळखी मुले दिसत असतील, तर ती ते सुनेला सांगेल का? 'म्हातारीला चळ लागला' या एका वाक्याच्या धास्तीने ती गप्प बसेल, आणि ज्या भीतीवर दोन शब्दांचा उतारा होता ती भीती एकटीने उराशी धरून बसेल.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्याच मातीतला आहे. दिसलेले सगळे खरे माना म्हणता, मग ज्याला भूत दिसते त्याचेही मानायचे का? अंधश्रद्धेविरुद्ध पिढ्यान्‌पिढ्या झगडून जे कमावले ते यातून मागच्या दाराने परत येणार नाही का? माझे उत्तर ठाम आहे. अनुभव माना, स्पष्टीकरण तपासा. ज्या बाईला शेजारणीचा चेहरा अचानक विक्राळ झालेला दिसला, तिला तो दिसला. पण त्यावरून शेजारीण चेटकीण ठरत नाही, आणि तो पाहणारी बाई झपाटलेलीही ठरत नाही. अंधश्रद्धा अनुभवातून निघत नाही. अनुभवावर पहिले हाती लागलेले स्पष्टीकरण चिकटवून चौकशी बंद करण्यातून ती निघते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचले, तो महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने वा साखळीने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे हे त्या कायद्याने गुन्हे ठरवले. त्या कायद्याच्या अनुसूचीची भाषा वाचली म्हणजे कळते की भलते दिसणाऱ्या, भलते बोलणाऱ्या माणसांचे आपण काय करत आलो होतो. कायद्याने मारणारा हात थोपवता येतो. पण ज्याला मारले जात होते त्याला 'काय दिसते ते नीट सांग' असे विचारणारा माणूस कायद्याने निर्माण होत नाही. ते काम आपले आहे, आणि विवेकवादाचा तो अपुरा राहिलेला भाग आहे. 'भूत नसते' एवढे सांगून आपण थांबलो, तर ज्याला ते दिसते तो माणूस आपल्यापुरता खोटा ठरतो आणि पुन्हा मांत्रिकाकडे जातो, कारण तिथे निदान त्याच्या दिसण्यावर कोणी शंका घेत नाही.

देवळात, दर्ग्यात जाऊन अशा माणसाला धीर येत असेल, तर तो धीर हिरावून घ्यावा असे माझे म्हणणे नाही. धीर आणि तपासणी यांत वैर नाही. वैर आहे ते तपासणी अडवणाऱ्यांशी. पक्षाघाताच्या रुग्णासाठी सुरुवातीचे काही तास मोलाचे असतात. चेहरे अचानक वाकडे दिसू लागणे हा क्वचित मेंदूतल्या रक्तपुरवठ्याच्या बिघाडाचा पहिला इशाराही असू शकतो. ते तास अंगाऱ्यात घालवणे आणि 'टेन्शनमुळे होते, झोपा जरा' म्हणून घालवणे, या दोन्हींची किंमत रुग्णाला सारखीच मोजावी लागते.

मग ऐकायचे म्हणजे करायचे काय? फार काही लागत नाही. काय दिसते ते तपशिलाने विचारावे: संपूर्ण चेहरा की अर्धा, सगळ्यांचा की काहींचा, समोर असतानाच की फोटोतसुद्धा, टीव्हीवरही का. केव्हा सुरू झाले आणि त्याबरोबर डोकेदुखी, झटके, अंगाची एक बाजू जड होणे असे काही होते का, हे विचारावे. कोणत्या उजेडात वाढते, कोणत्या उजेडात कमी होते, हेही विचारावे. डार्टमथच्या त्या गृहस्थांना हिरव्या उजेडात विकृती कमी दिसे, आणि हा शोध रुग्णाच्या स्वतःच्या निरीक्षणाशिवाय लागलाच नसता. आणि सर्वांत शेवटी, आवाजात कसलाही दरारा न आणता विचारावे: तुम्हाला स्वतःला हे खरे वाटते का? पहिले तीन प्रश्न मेंदूतज्ज्ञाला आणि नेत्रतज्ज्ञाला दिशा देतात. चौथा सांगतो की मनोविकारतज्ज्ञाची गरज आहे की नाही. हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. घरातली लेक विचारू शकते, आशाताई विचारू शकतात, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर दोन मिनिटांत विचारू शकतात.

श्रोतेहो, ज्ञानासाठी आपण निरोगी, शहाण्या, सुस्थित माणसाची साक्ष मागत आलो आहोत. या विकाराने शिकवले ते याच्या उलट आहे. चेहरा आपल्याला कसा दिसतो याचे रहस्य ज्यांना तो नीट दिसतो त्यांच्याकडून उलगडले नाही. ज्यांना तो बिघडलेला दिसला आणि तरीही ज्यांनी भीती गिळून, हसे होण्याची पर्वा न करता, नेमके काय दिसते ते सांगितले, त्यांच्याकडून उलगडले. त्यांचे आपल्यावर ऋण आहे. ते फेडण्याचा मार्ग एकच दिसतो: पुढच्या वेळी कोणी आपल्याला म्हणाले की मला काहीतरी वेगळेच दिसते आहे, तर निवाडा करण्याआधी त्याला पूर्ण बोलू द्यायचे, आणि त्याने सांगितलेले लिहून घेऊन त्याच्याबरोबर डॉक्टरपर्यंत जायचे. अशी सवय ज्या समाजाला लागेल, तिथे या विकाराचे रुग्ण वाढलेले दिसतील, कारण आजवर जे गप्प होते ते बोलू लागतील. ती वाढ मी समाजाच्या प्रकृतीचे सुचिन्हच मानेन.